हो, ठेवलाय चार्जिंगला

ऑफिसात तिला सगळे प्लगताई म्हणत. मागे म्हणत, तोंडावरही म्हणत, आणि आता तीसुद्धा त्या नावाला ओ देई. मिक्सर, फ्रिज, कपडे धुण्याचं मशीन असल्या घरगुती वस्तू बनवणाऱ्या एका कंपनीच्या मदत-लाईनवर ती बसायची. कानाला हेडफोन, समोर स्क्रीन, आणि नमस्कार झाला की पहिला प्रश्न ठरलेला. प्लग नीट लावलाय ना? मग दुसरा. बटण चालू आहे ना? मग तिसरा. घरात लाईट आहे ना?

हसू नका. घरात लाईट नसताना फ्रिज बंद पडला म्हणून तक्रार करणारी माणसं असतात, आणि ती चांगली शिकलेली असतात. पण त्यांचा प्लगताईला राग येत नसे. तिचा राग वेगळ्याच लोकांवर. मशीन बंद करून जरा वेळ थांबलात का? हो. जाळी काढून धुतली का? हो. प्रश्न संपायच्या आत हो. जाळी कसली धुताय, माणसाने बसल्या जागेवरून बूड हलवलेलं नसतं. तिला ते बरोबर कळे. जो खरंच उठतो तो धापा टाकतो, टेबल सरकवतो, घरातल्या कुणावर तरी खेकसतो. जो थापा मारतो तो शांतपणे, गोड आवाजात हो म्हणतो. त्याला एवढंच हवं असतं की बाईने पुढच्या प्रश्नावर जावं आणि शेवटी एकदाचा माणूस पाठवावा.

घरी आली की ती नवऱ्यापुढे हे सगळं ओकायची. "जगात सगळ्यात जास्त खोटं कुठे बोललं जातं, सांगू? कोर्टात नाही. आमच्या लाईनवर."

नवरा रंगाच्या दुकानात विक्रीला. दिवसभर गिऱ्हाइकांना पांढऱ्याचे नाना प्रकार दाखवून तो इतका निवलेला असायचा की त्याला कशाचाच राग येत नसे. तो म्हणायचा, "बोलू दे गं. त्यांचा मिक्सर, त्यांची चटणी."

आणि लेक चिंगी. वय बारा, अंगाने काडी, आणि डोळे असे की समोरच्याचं पाकीट उघडून आतलं वाचावं. जन्मली तेव्हा मूठभर होती म्हणून आजीने चिंगी म्हटलं, ते चिकटलंच.

तर गोष्ट चिंगीच्या गेमची. हातात धरून खेळायचा तो छोटा व्हिडिओ गेम, दोन बाजूंना बटणं, मध्ये स्क्रीन. त्यात चिंगीचं एक बेट होतं. बेटावर घर, बाग, नदीवर पूल, मासे, आणि काय काय. दोन वर्षं खपून तिने ते उभं केलं होतं. नदीचं वळण पसंत पडलं नाही म्हणून अख्खी नदी बुजवून पुन्हा खणली होती. मोठ्या माणसांना रस्ते पुन्हा खणायची हौस असते, पण ती दुसऱ्यांच्या पैशाने. हिने सगळं स्वतःच्या अंगठ्यांनी केलं होतं.

मध्यंतरी गणितात मार्क घसरले. घसरले म्हणजे काय, थेट तळाला जाऊन बसले. बाईंनी शाळेत बोलावून घेतलं. त्या दिवशी प्लगताईने घरी येऊन गेम चिंगीच्या हातातून काढला, जुन्या पर्समध्ये घातला, आणि पर्स कपाटाच्या सगळ्यात वरच्या कप्प्यात ब्लँकेटांच्या मागे कोंबली.

"वार्षिकचा निकाल लागेल त्या दिवशी तुझ्या हातात देईन. गणितात पास झालीस तर."

चिंगी रडली नाही, आदळआपट केली नाही. एवढंच विचारलं, "शब्द?"

"शब्द. मी तुझ्यासारखी उद्या करते, परवा करते म्हणणारी नाहीये. एकदा बोलले की बोलले."

मग ते महिने गेले. आणि त्या महिन्यांत घरात एक वेगळीच गोष्ट घडली, जी प्लगताईने कुणाला सांगितली नाही. संध्याकाळी ती ऑफिसातून यायची तेव्हा चिंगी स्वयंपाकघरात ओट्यावर पाय हलवत बसलेली असायची. करायला काहीच नव्हतं बिचारीला. मग ती बोलायची. कुठल्या सरांनी केसांना कलप लावला आणि तो कपाळावर ओघळला. कोणत्या मैत्रिणीने कोणाशी कट्टी घेतली, आणि कट्टी घेतल्याचं त्या दुसरीला चार दिवस कसं कळलंच नाही. प्लगताईही सांगायची. एका आजोबांनी वॉशिंग मशीनच्या दारात बोट अडकलेलं असताना फोन केला आणि आधी वॉरंटी आहे का ते विचारलं, असलं काहीबाही. दोघी खदखदा हसायच्या. कांदा चिरता चिरता प्लगताईला वाटायचं, हे आपल्याला मिळालंय त्याला कुणाची नजर लागू नये. वरच्या कप्प्याकडे ती बघतसुद्धा नसे.

निकाल लागला. चिंगी गणितात नुसती पास नाही, चांगली वर आली होती. प्लगताईची त्या दिवशी रजा होती. चिंगी दारातून आत आली, निकालाचा कागद आईच्या मांडीवर ठेवला आणि हात पुढे केला. शाबास नको, पापी नको, हात.

प्लगताई स्टुलावर चढली. ब्लँकेटं ओढली, पर्स काढली, गेम काढला. पदराने पुसला. म्हटलं तसं, त्याच दिवशी, तिच्या हातात. तिला स्वतःचं जरा कौतुकही वाटलं.

चिंगीने बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. ढिम्म. काळी स्क्रीन, आणि त्यात चिंगीचं तोंड.

"चार्जिंग संपलं असेल," प्लगताई म्हणाली, "आण इकडे."

तिने आपल्या मोबाईलचा चार्जर काढला, गेमला खुपसला, बटण चालू केलं. दोघी बघत बसल्या. दिवा नाही, चित्र नाही. थोड्या वेळाने चिंगीने उचलून बटण दाबून पाहिलं, मग प्लगताईने हातातून घेऊन दाबून पाहिलं. वायर काढली, फुंकर मारली, पुन्हा लावली. दुसऱ्या प्लगला लावली. टीव्हीची पिन काढून तिथे लावली. दुपारची जेवणं झाली, भांडी झाली, दर पाच-दहा मिनिटांनी कुणी ना कुणी जाऊन तो गेम वायरीसकट उचलून बघत होतं. उकडायला ठेवलेला बटाटा दर मिनिटाला टोचून बघितला तर शिजतो कधी? पण ते तेव्हा कोण कुणाला सांगणार. जी बाई दिवसभर लोकांना धीर धरा म्हणते तिच्याच घरात धीराचा थेंब नव्हता. लोकां सांगे ब्रह्मज्ञान.

"तू पाडलास का?" चिंगीने विचारलं.

"मी कशाला पाडू?"

"मग कपाटात ठेवताना आपटला असेल."

"ब्लँकेटांच्या मागे ठेवला होता, मऊ. माझी पर्ससुद्धा कधी इतकी जपून ठेवली नाही मी."

चिंगी नुसती बघत राहिली. तिच्या त्या बघण्याने प्लगताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अरे, शब्द दिला, पाळला, वर स्टुलावर चढले, आणि ही पोरगी असं बघतेय जणू काही मीच आत हात घालून वायर तोडली.

शेजारच्या काकू साखर मागायला आल्या आणि तब्येत विचारावी तशी गेमची चौकशी करून गेल्या. त्यांच्या मते तो फ्रिजमध्ये ठेवायला हवा होता. त्यांच्या भाच्याचा फोन फ्रिजमध्ये ठेवून बरा झाला होता. प्लगताईने आयुष्यभर फ्रिजवरच्या तक्रारी ऐकल्या होत्या, पण फ्रिज हे औषध असतं हे तिला नवीन होतं. तिने साखर दिली आणि दार लावून घेतलं.

मग दोघी कोपऱ्यावरच्या मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात गेल्या. दुकान म्हणजे एक काउंटर, त्यावर काच, काचेखाली उघड्या फोनांची आतडी. दुरुस्तीवाल्याने गेम उलटा केला, सुलटा केला, कानाशी धरून हलवला. डॉक्टर नाडी न बघता जीभ दाखवा म्हणतो तशातला प्रकार. मग म्हणाला, "बोर्ड गेला."

"उघडला पण नाहीत," प्लगताई म्हणाली.

"उघडायची गरज नाही ताई. असे रोज येतात. बोर्ड बदलावा लागेल."

"बोर्ड बदलला की माझं बेट राहील का?" चिंगीने विचारलं.

"कसलं बेट?"

चिंगीने त्याच्या हातातून गेम काढून घेतला आणि चालायला लागली. प्लगताई मागून. रस्त्यात एकदा फक्त, गटाराच्या उघड्या झाकणापाशी, प्लगताईने तिचा दंड धरला आणि चिंगीने तो सोडवून घेतला.

घरी आल्यावर प्लगताईने ठरवलं, बस्स झालं. कंपनीलाच फोन करायचा. हे तिचं क्षेत्र. लाईनवर कसं बोलायचं, कुठे नमायचं, कुठे आवाज चढवायचा, आपल्याला हवं ते कसं पदरात पाडून घ्यायचं, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? तिने खुर्ची ओढली, गेमच्या मागचा नंबर वाचला आणि फोन लावला. चिंगी समोर पलंगाच्या कडेला येऊन बसली.

बराच वेळ संगीत वाजलं. मग एका मुलाचा आवाज आला. कोवळा, पाठ केलेला, प्रत्येक वाक्याच्या शेवटी वर जाणारा. प्लगताईला एका क्षणात कळलं की पोरगा नवीन आहे, समोरचा कागद वाचतोय, आणि त्याच्या मागे कुणीतरी उभं आहे.

"मॅडम, आपण चार्जर भिंतीवरच्या प्लगला थेट लावला आहे का?"

"हो."

"मॅडम, गेमसोबत आलेलाच मूळ चार्जर वापरला आहे का?"

"हो."

"मॅडम, बरेच दिवस वापर नसेल तर बॅटरी अगदी रिकामी होते, लगेच काही दिसत नाही. आपण हात न लावता निदान पाच-सहा तास चार्जिंगला ठेवून पाहिलं आहे का?"

"हो, ठेवलाय चार्जिंगला. कालपासून."

"मॅडम, त्यानंतर चालू करायचं बटण बराच वेळ दाबून धरून, सोडून, पुन्हा दाबून पाहिलं का?"

"हो. सगळं झालंय माझं. तुम्ही पुढचं बोला."

आवाज असा गोड आणि शांत, की तिच्या लाईनवर असता तर तिनेच हेडफोन बाजूला सरकवून शेजारणीला म्हटलं असतं, ऐक, ही थापा मारतेय.

पण तिला ते तेव्हा कळलं नाही. ती वाटच बघत होती त्याने पुढच्या प्रश्नावर जाण्याची, आणि तो गेला. मॅडम, मग तो आमच्याकडे पाठवावा लागेल. उद्या सकाळी माणूस येऊन घेऊन जाईल. आतला भाग बदलला तर साठवलेला खेळ पुसला जाऊ शकतो, त्याला आपली हरकत नाही ना?

"नाही, नाही, काही हरकत नाही," प्लगताई म्हणाली, धन्यवाद म्हणाली, त्याने विचारलेल्या शेवटच्या प्रश्नालाही आपण समाधानी आहोत असं सांगितलं, आणि फोन ठेवला. "झालं. उद्या येतोय माणूस."

चिंगी उभी राहिली होती.

"कालपासून?" ती म्हणाली. "काल तर तो कपाटात होता."

"अगं, ते तसंच म्हणायचं असतं. नाही म्हटलं की ते पुढे जातच नाहीत. मला माहितीये ना."

"आणि चार्जर तुझ्या फोनचा आहे. गेमचा कुठेय?"

"असेल कुठेतरी. चार्जर चार्जरच असतो."

"आणि बेट पुसलं तरी चालेल असं कुणी सांगितलं तुला? मला विचारलंस?"

"चिंगे, आवाज खाली."

चिंगीने आवाज खालीच ठेवला, आणि तेच वाईट झालं. "तू किती छान खोटं बोलतेस आई. मला कळलंच नसतं. मला जे सांगतेस ते पण असंच असतं का? तुला द्यायचाच नव्हता तो. तू काहीतरी केलंयस त्याला, आणि आता उद्या तो माणूस नेईल, आणि मग तू म्हणशील, बघ, मी तर दिला होता."

"थोबाड फोडीन," प्लगताई म्हणाली.

फोडलं वगैरे काही नाही. चिंगी गेम उचलून आतल्या खोलीत गेली, दार लावून घेतलं. आपटलं नाही. आपटलं असतं तर ओरडायला तरी जागा मिळाली असती.

नवरा आला तेव्हा बायको स्वयंपाकघरात भांडी आपटत होती. त्याने बूट काढता काढता सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तिचं चुकलंच. आईने काही मोडलं असं म्हणायचं म्हणजे फारच झालं." मग थोडं थांबून, "पण तू त्या पोराला कालपासून का सांगितलंस?"

"तू पण सुरू हो."

"नाही, सहज विचारलं. रोज येऊन तूच सांगतेस ना, लोक कसे खोटं बोलतात ते."

आगीत तेल ओतायचं तर ते असं, अगदी मऊ आवाजात. तो आंघोळीला गेला आणि प्लगताई चहाचं पातेलं गॅसवर ठेवून त्याच्याकडे बघत उभी राहिली. मनात सगळ्यांना शिव्या देऊन झाल्या. दुरुस्तीवाल्याला, काकूंना, गेम बनवणाऱ्यांना, लाईनवरच्या त्या पोराला, ज्याचा काडीचाही दोष नव्हता. चिंगीला तर दोनदा. आईवर असा संशय. जिच्यासाठी मरमर मरायचं तिनेच म्हणावं, तुला द्यायचाच नव्हता.

द्यायचाच नव्हता.

चहा उतू गेला. गॅस बंद करून ती फडकं शोधायला लागली आणि फडकं हातात घेऊन तशीच थांबली. कारण दुपारचं आठवलं. चिंगीने पहिल्यांदा बटण दाबलं आणि स्क्रीन काळीच राहिली, तेव्हा आपल्या मनात सगळ्यात आधी काय आलं होतं? अरेरे नाही. काय झालं, तेही नाही. सगळ्यात आधी आलं होतं, बरं झालं. गेली एकदाची ब्याद. डोळा लवायच्या आत येऊन गेलं, पण आलं होतं. आणि बेट पुसलं तर हरकत नाही ना, असं त्या पोराने विचारलं तेव्हा जीभ इतकी भराभर चालली ती काही फक्त सवयीने नाही. खरंच हरकत नव्हती. पोरीच्या दोन वर्षांची तिला हरकत नव्हती.

स्वतःचीच तिला इतकी चीड आली की ती खाली बसली. भिंतीला टेकून, ओल्या फडक्यासकट.

मग उठली आणि पुन्हा फोन लावला. संगीत, मग एका बाईचा आवाज. प्लगताईने सांगितलं की उद्याचा माणूस पाठवू नका. कारण काय म्हणून लिहू, बाईने विचारलं.

"लिहा, चार्जिंगला ठेवलाच नव्हता. मी मघाशी हो म्हणाले ते खोटं होतं."

पलीकडे टायपिंग थांबलं. मग बाई कागदाबाहेरच्या आवाजात म्हणाली, "मॅडम, असं कुणी सांगत नाही हो आम्हाला."

"माहितीये मला," प्लगताई म्हणाली.

मग मूळ चार्जरचा शोध. प्रत्येक घरात एक वायरींचा डबा असतो, तसा यांच्याही घरात होता. मेलेल्या फोनांचे चार्जर, कशाच्या ते कुणालाही न आठवणाऱ्या पिना, सगळ्यांचा एकमेकांत गुंता. नवऱ्याने ओल्या केसांनी जमिनीवर बसून तो गुंता सोडवला. दोघं एकमेकांवर चिडली, एक वायर ओढताना तुटली, ती कशाची ते कळलं नाही. अगदी तळाशी तो जाड, चौकोनी चार्जर निघाला. यात जोर आहे, नवरा म्हणाला, तुझ्या फोनचा म्हणजे चमच्याने टाकी भरणं.

प्लगताई तो घेऊन आतल्या खोलीत गेली. चिंगी पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडली होती. जागी होती. तिच्या उशाशीच गेम होता. प्लगताईने चार्जर भिंतीला लावला, वायर गेमला लावली, टेबलावर ठेवला आणि हात मागे घेतला.

"आता याला कुणी हात लावायचा नाही," ती म्हणाली. "उद्या माणूस येणार नाही. मी फोन करून सांगितलं, खोटं बोलले म्हणून."

चिंगीने पांघरूण खांद्यावर ओढून घेतलं.

"मी काही मोडलं नाही, चिंगे. पडून पडून त्याची बॅटरी मेली असेल. पण तू जे म्हणालीस ना, मला द्यायचाच नव्हता." तिने धुळीचे हात पदराला पुसले. "ते खरं आहे. शब्द दिला म्हणून दिला. पण तो सुरू झाला नाही तेव्हा मला बरं वाटलं."

चिंगी वळली. "का?"

"तू परत त्यात जाशील म्हणून. संध्याकाळी ओट्यावर येऊन बसतेस, ते बंद होईल म्हणून. मला ते फार आवडतं. आणि बेट पुसायला हो म्हणाले ते फार वाईट केलं. ते तुझं होतं. त्याचा मला विचारच आला नाही."

चिंगी उठून बसली. रागात होती अजून. नाकाच्या शेंड्यावरून दिसत होतं. "मी त्यात जायचे नाही," ती म्हणाली. "तू पाठवायचीस. तूच आणून दिलास तो. ऑफिसातून आलीस की म्हणायचीस, मला आता काही विचारू नका, दिवसभर लोकांचे प्रश्न ऐकलेत, जा, जाऊन खेळ. मी बोलायला आले की म्हणायचीस जाऊन खेळ. मग मी खेळायचे. नंतर तू तो काढून घेतलास, आणि तुला जा म्हणायला काही राहिलंच नाही."

प्लगताईला वाटलं, कुणीतरी छातीवर हात ठेवून मागे ढकललं. तिला ते शब्द आठवत होते. स्वतःचाच आवाज ऐकू येत होता, गोड नाही, शांत नाही, नुसता थकलेला.

"म्हणायचे," ती शेवटी म्हणाली.

"आता चालू झाला की परत म्हणशील."

नाही म्हणणार, असं सांगणं किती सोपं होतं. ओठांपर्यंत आलं होतं. पण आज तिच्याकडे तसला शब्द उरला नव्हता.

"म्हणेन बहुतेक," ती म्हणाली. "कधी कधी डोकं इतकं भणभणतं ना चिंगे, की मला माझा आवाजसुद्धा नको होतो. तेव्हा तोंडातून निघून जाईल. तेव्हा तू जाऊ नकोस."

"आणि तू ओरडलीस तर?"

"ओरडेन. तरी जाऊ नकोस."

चिंगीने विचार केला. तिचा विचार चेहऱ्यावर नेहमी असा दिसायचा, दुकानात सुटे पैसे मोजून घेणाऱ्या माणसासारखा. मग ती पलंगावर जराशी भिंतीकडे सरकली आणि आईला बसायला जागा झाली. प्लगताई बसली. बाहेर नवरा ताटं मांडत होता, मुद्दाम हळू हळू, आत ऐकू येईल इतपतच वाजवत. प्लगताई सांगायला लागली. पहिल्या दिवशी लाईनवर बसली तेव्हा भीतीने तिने आपलंच नाव चुकीचं सांगितलं होतं, आणि एका म्हातारीने तिला दोन महिने त्याच चुकीच्या नावाने फोन केले होते. म्हातारीचा मिक्सर कधीच बिघडलेला नव्हता. तिला नुसतं बोलायचं असायचं. हे तिने कधी कुणाला सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही. नवऱ्याने जेवायला हाक मारली, दोघींनी आलो आलो म्हटलं, आणि कुणीच उठलं नाही. त्याने ताटं झाकून ठेवली.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. टेबलावरच्या काळ्या स्क्रीनवर एक छोटंसं बॅटरीचं चित्र उमटलं, लाल, रिकामं. चिंगीने पाहिलं. प्लगताईनेही पाहिलं, आणि ती बोलता बोलता थांबली.

"आला बघ," ती म्हणाली. "घे, घे तुझा. मी जाते, ताटं वाढते."

ती उठायला लागली. चिंगीने टेबलाकडे हात केला नाही. आईच्या साडीचं टोक तिच्या मांडीखाली होतं, ते तिने सोडलं नाही.

"तू बोलत होतीस," ती म्हणाली. "त्या म्हातारीचं पुढे काय झालं?"

प्लगताई परत बसली.